गोल्फच्या जीपीएसला दरवर्षी पैसे कशाचे?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. वर्षभर एकाच कोर्सवर खेळत असाल तर गोल्फ जीपीएसचं, म्हणजे भोक-झेंडा असलेल्या ग्रीनपर्यंतचं अंतर सांगणाऱ्या घड्याळाचं, यंत्राचं किंवा ॲपचं, सबस्क्रिप्शन भरू नका. कामानिमित्त गावोगाव फिरून खेळत असाल तर विचार करा, तोही कंपनी बघून. बाकी राहिले आकडेवारीचे शौकीन. त्यांना कुणी अडवू शकत नाही.

माझी नोकरी वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोळसा खाणींची सरकारी कंपनी) गेली, सर्व्हे खात्यात. उमरेड, सावनेर, वणी असं फिरलो. कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटवर सुरुवात केली, कोन-अंतर दोन्ही मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनवर निवृत्त झालो. खाणीत नकाशा चुकला तर माणसं जुन्या, पाणी भरलेल्या कामांत शिरतात; त्यामुळे कुणी ‘अचूक नकाशा’ म्हणून काही विकायला आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुणी मोजला, कशानं आणि कधी? गोल्फच्या यंत्रांनाही तेच विचारलं. आमच्या रविवारच्या चौघांपैकी दोघं पैसे भरतात, दोघं भरत नाही. खेळ संपल्यावर तर्री-पोह्यांच्या टेबलावर यावरून जी जुंपते, तिच्यात निदान मुद्दे तरी नीट यावेत म्हणून हे लिहितोय.

उपग्रहाच्या सिग्नलचे पैसे तुम्ही देत नाही, हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा. जीपीएस अमेरिकन सरकार चालवतं आणि सिग्नल जगभर फुकट आहे. मे २००० पर्यंत ते नागरी वापरासाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडत, चूक शंभर मीटरपर्यंत जायची. ते बंद झालं म्हणून तर गोल्फसारख्या खेळात हे यंत्र कामाचं ठरलं. आपल्याकडे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ ही जीपीएसची चूक कमी करणारी यंत्रणा आहे, तिच्या संदर्भ केंद्रांपैकी एक तर आपल्या नागपुरातच आहे. तीही फुकट. म्हणजे वर्षाचे पैसे जातात ते दोनच गोष्टींना: कोर्सचा नकाशा आणि ॲपमधल्या जादाच्या सोयी.

नकाशाचं बोलू, कारण खरी मेख तिथे आहे. स्कायकॅडी ही कंपनी माणूस पाठवून, रिसीव्हर हातात घेऊन, ग्रीनच्या कडेनं चालत कोर्स मोजते आणि त्या जोरावर वर्षाचं सदस्यत्व विकते. बहुतेक बाकीच्या कंपन्या उपग्रहचित्रावरून ग्रीन, बंकर (वाळूचे खड्डे), पाणी रेखाटतात. सर्व्हेवाला म्हणून माझं मत चालत मोजणाऱ्याच्या बाजूनं आहे. चित्रात झाडाच्या सावलीखाली ग्रीनची कड दिसत नाही, आणि चित्र जमिनीवर बसवताना थोडं सरकतंही. पण यंत्र हातात धरून चालणारा माणूस आपल्या कोर्सवर शेवटचा कधी आला होता? आणि आला असेलच, तर त्यानंतर ग्रीन पळून गेलंय का?

हा प्रश्न थट्टेचा नाही. कोर्स बदलतो, पण सावकाश. लष्करी छावण्यांतल्या जुन्या कोर्सवर पूर्वी ग्रीनऐवजी तेल घातलेल्या वाळूचे ब्राउन असत. त्यांचं गवत झालं तेव्हा नकाशे नव्यानं करावे लागले असतील, मान्य. एखादा टी (पहिला फटका मारायची जागा) मागे जातो, पावसाळ्यानंतर एखादा बंकर बुजवतात. पण ग्रीनचा पुढचा काठ, मध्य आणि मागचा काठ वर्षानुवर्षं तिथेच असतो, आणि जीपीएस मुख्यतः सांगतं ते या तीन ठिकाणांचं अंतर. मी सवयीप्रमाणे कोर्सवरच्या दीडशे यार्डाच्या खुणांवरून ताडून पाहिलं. मित्राचा पैसे भरलेला नकाशा आणि माझ्या घड्याळातला फुकटचा नकाशा यांत फरक पडला तो दोन-चार यार्डांचा. उघड्या आकाशाखाली साध्या रिसीव्हरची स्वतःचीच चूक पाच मीटरच्या आसपास असते, म्हणजे साडेपाच यार्ड. म्हणजे तो फरक नकाशाचा होता की रिसीव्हरचा, हे मलाही सांगता येणार नाही. माझ्या सात आणि आठ नंबरच्या आयर्नच्या (लोखंडी डोक्याच्या काठीच्या) फटक्यांत दहा यार्डांचं अंतर आहे. त्यात या दोन-चार यार्डांनी काय बिघडतं?

खरा घोटाळा झेंड्याचा. ग्रीन तीस यार्ड खोल असेल तर झेंडा पुढे की मागे यावर तीन क्लबचा (काठ्यांचा) फरक पडतो. साध्या जीपीएसला आज माळ्यानं भोक कुठे पाडलं ते ठाऊक नसतं. वर्षाला कितीही भरा, ती माहिती उपग्रहाकडून येत नाही. ती येते झेंड्यावर रोखून अंतर मोजणाऱ्या लेझर रेंजफाइंडरकडून, ज्याला सदस्यत्वच नाही. पैसे एकदा द्या, अधूनमधून बॅटरी बदला. लेझरचे तोटे आहेत: हात थरथरतो, मागच्या झाडाला किरण लागून भलताच आकडा येतो, डॉगलेगच्या (मधेच वळणाऱ्या होलच्या) आड काहीच दिसत नाही.

किंवा ती माहिती येते कॅडीकडून, म्हणजे बॅग घेऊन सोबत चालणाऱ्या माणसाकडून. परवाचीच गोष्ट. माझं घड्याळ बघून झालं, तर कॅडी विचारतो, “काय म्हणून राहिली जी मशीन?” म्हटलं, “मधोमध एकशे अडतीस.” तो म्हणाला, “हवा समोरून हाये ना साहेब. अन् झेंडा आज मांगं हाये. दीडशाच्या वर धरा, पाच नंबर घ्या.” पाच नंबर घेतला, ग्रीनवर पोचलो. पुढे भोकात टाकायला तीन ‘पट’ (ग्रीनवरचे हलके फटके) लागले तो भाग सोडा. ज्या कोर्सवर असा माणूस सोबत चालतो, तिथे मी कॅलिफोर्नियातल्या सर्व्हरला पैसे का पाठवावेत?

आता कंपन्यांकडे वळू. गार्मिनच्या ॲप्रोच मालिकेतली घड्याळं नि हातातली यंत्रं जगभरातले चाळीस हजारांहून जास्त कोर्स भरूनच येतात, नकाशांच्या अपडेटला वेगळे पैसे नाहीत. त्यांचं ‘गार्मिन गोल्फ’ सदस्यत्व निराळं: अमेरिकेतला भाव महिन्याला ९.९९ डॉलर, वर्षाला ९९.९९. त्यात मुख्य आकर्षण ग्रीनच्या उताराचे कंटूर. ज्यांना हवेत त्यांनी घ्यावेत, पण पैसे भरण्याआधी आपल्या कोर्सचे कंटूर त्यात आहेत का, हे ॲपमध्ये शोधून बघा. नसतील तर तुम्ही दुसऱ्याच्या ग्रीनचा उतार विकत घेताय. बुशनेलच्या यंत्रांना वार्षिक फी नाही. स्कॉटलंडचं शॉट स्कोप तर प्रत्येक फटक्याची नोंद ठेवूनही सबस्क्रिप्शन मागत नाही, आणि माझ्या मते या बाजारात सगळ्यात सरळ व्यवहार त्यांचा आहे. आर्कोसचे सेन्सर क्लबच्या मुठीला लागतात, पहिल्या वर्षानंतर पैसे चालू. तो अंतराचा नाही, आकडेवारीचा धंदा आहे. हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला) एक अंकी असेल आणि आणखी खाली आणायचं असेल तर उपयोग आहे. आमच्यासारख्यांचे फटके कुठे वाया जातात ते बायकोलाही ठाऊक आहे.

फोनवरची १८बर्डीज, होल१९ सारखी ॲप फुकटच्या पातळीवरही पुढचं, मधलं, मागचं अंतर देतात. पुण्यात किंवा बंगळुरूत ही उत्तम. नागपुरात मात्र मार्च संपला की अडचण सुरू होते. पारा ४४-४५ ला गेला की नवव्या होलपर्यंत फोन तापतो, स्क्रीन मंद होते, कधी इशारा देऊन बंदच पडतो. उन्हाळ्यात आम्ही पहाटे साडेपाचला टी ऑफ (खेळाला सुरुवात) करतो ते यासाठीही. इथे घड्याळाचे पैसे वसूल होतात, सबस्क्रिप्शनचे नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर अजून एक. काही यंत्रं चढ-उतार आणि तापमान धरून ‘हे अंतर प्रत्यक्षात इतकं खेळेल’ असा आकडा देतात. गरम हवा विरळ असते, चेंडू थोडा लांब जातो, आणि मे व डिसेंबरमधला फरक आपल्याकडे चांगलाच जाणवतो. पण स्पर्धेत ही सोय वापरता येत नाही. २०१९ पासूनच्या नियम ४.३ नुसार अंतर मोजायला मुभा आहे, उंचीचा फरक मोजायला नाही. पहिल्यांदा सापडलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळायच्या प्रकारात) दोन फटके दंड, पुन्हा केलंत तर बाद. म्हणजे ज्या सोयीसाठी जादा मोजता, ती क्लबच्या मेडल राउंडला (स्पर्धेच्या फेरीला) बंद करून ठेवायची.

पैसे भरण्याची कटकटही हिशोबात धरा. शंभर डॉलर म्हणजे साडेआठ-नऊ हजार रुपये, वर बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा तीन-साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे परदेशी कंपन्यांचं आपोआप नूतनीकरण आपल्या कार्डांवर बरेचदा अडकतं. लोक याला वैतागतात. मला ती सोयच वाटते, कारण न विचारता कापलं जात नाही. माझ्याकडे आधी जे हातातलं यंत्र होतं (कंपनीचं नाव घेत नाही), त्याचं पहिलं वर्ष मोफत होतं. वर्ष सरलं आणि नवीन कोर्स उतरवता येईना. ग्राहकसेवेला मेल केला तर उत्तरात सवलतीचा कूपन कोड आला. तो कोडही डॉलरमधल्या कार्डावरच चालणारा. यंत्र भाच्याला दिलं. तो बंगळुरूत असतो, कंपनीच्या खर्चानं खेळतो, त्याला परवडतं.

घ्यायचंच असेल तर आधी फी नसलेलं साधं घड्याळ घ्या, उरलेल्या पैशांत लेझर. आणि जुनं यंत्र घेत असाल, कारण हल्ली ओएलएक्सवर ही खूप निघतात, तर सदस्यत्व यंत्राला जोडलंय की आधीच्या मालकाच्या खात्याला, ते विचारा. विकणाऱ्याला तुमच्यासमोर लॉगआउट करायला लावा, तुमच्या खात्यानं चालू करून आपल्याच कोर्सचा पहिला होल स्क्रीनवर येतो का बघा, मगच पैसे द्या.