आठ महिन्यांनंतर सोयादुधाचं मशीन: सगळा घोळ झाकणातल्या काडीचा

पहिल्या चार महिन्यांत लिहिलं असतं तर भरभरून कौतुक केलं असतं. रात्री शंभर ग्रॅम सोयाबीन भिजत घालायचं, सकाळी ते धुऊन एक लिटर पाण्यासोबत जारमध्ये टाकायचं आणि बटण दाबायचं, की पंचवीस मिनिटांत गरम दूध. मिक्सरमध्ये गार पाण्यात वाटलेल्या दुधाला जो कच्चट वास येतो, तो याला नाही. दाणा पाण्यात फुटला की त्यातलं लायपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम तेलावर काम करू लागतं आणि तो वास तयार होतो. हे मशीन आधी पाणी तापवतं, मग वाटतं; ऐंशी अंशांच्या पुढे त्या एन्झाइमचं काही चालत नाही. मशीन घेतलं ते याचसाठी.

पाचव्या महिन्यात दूध पातळ आणि तुरट लागायला लागलं. मी सोयाबीनला दोष दिला, दोनदा बदललंही. मग एकदा दूध प्यायल्यावर घरात दोघांना मळमळलं, पोटं बिघडली. सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर त्यांनी मशीन न बघताच सांगितलं, "जार आणि झाकण दोन्ही बदलावं लागेल." चांगला धडधाकट जार टाकून द्यायचा? मी ठाम नकार दिला.

दोष निघाला झाकणाच्या आतल्या बोटभर धातूच्या काडीत. फेस वर येऊन तिला टेकला की हीटर बंद होतो, म्हणजे दूध उतू जात नाही. माझ्या काडीवर आणि तिच्या बुडाशी दुधाचा पातळ, वाळलेला थर बसला होता. तो वाफेने ओला झाला की मशीनला वाटायचं फेसच आलाय, आणि हीटर बंद. पाती मात्र फिरत राहायची, वेळ संपली की शिट्टी वाजायची. बिघाड दाखवणारा दिवा नाही, काही नाही.

हे मी इतकं ताणून लिहितेय, कारण सोयादूध उकळायच्या कितीतरी आधी फेसाळून वर येतं आणि उकळल्यासारखं दिसतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे ट्रिप्सिन इनहिबिटर असतात. ते उष्णतेने निकामी व्हावेत म्हणून फेस बसल्यावर दूध खरोखर काही मिनिटं खळखळायला हवं. ज्या काडीवर हे सगळं अवलंबून आहे, तिच्याबद्दल माहितीपुस्तिकेत "ओल्या फडक्याने पुसा" एवढी एकच ओळ!

सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात अर्धा तास ठेवून जुन्या टूथब्रशने घासली. त्याच दिवशी दूध पूर्वीसारखं दाट झालं. आता रोज घासते. तरी दूध पातेल्यात ओतून मंद आचेवर दहा मिनिटं उकळतेच, ढवळत, नाहीतर बुडाला लागतं.

बाकी थोडक्यात. "गाळायची गरज नाही" हे खरं नाही, कापडातून पिळल्याशिवाय घशात चोथा लागतो. तो चोथा कणकेत मळते, वाया घालवत नाही. ओट्स यात गरम करू नका, स्टार्च फुलून खळ होते. त्यांना मिक्सरमध्ये गार पाणी आणि तीस सेकंद पुरे. बदामाचं दूध चवीला उत्तम, पण प्रथिनं सोयाच्या जवळपासही नाहीत. आणि घरच्या कुठल्याच वनस्पतीजन्य दुधात वरून घातलेलं कॅल्शियम किंवा बी-१२ नसतं, लहान मुलांना देत असाल तर हे आधी बघा.

मशीन ठेवलंय. गरम वाटण दुसऱ्या कशात जमत नाही. तुमच्याकडे असलं मशीन असेल तर आज झाकण उलटं करून ती काडी नखाने खरवडून बघा.