चालत्या प्रोसेसला काय जोडायचं: जीडीबी, एसट्रेस की पर्फ?

सर्व्हरवरची प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) जिवंत आहे, पण उत्तर देत नाही. लॉगही गप्प. रीस्टार्ट केली तर चालू होईल, पण का अडकली होती ते कायमचं गुलदस्त्यात राहील. अशा वेळी लिनक्सवर जीडीबी, एसट्रेस आणि पर्फ ही तीन हत्यारं हाताशी असतात आणि बहुतेक जण त्यातलं सवयीचं उचलतात. मग रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

काहीही जोडण्याआधी टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) उघडून दोन गोष्टी बघा: प्रोसेस सीपीयू किती खातेय आणि तिची अवस्था कोणती. निम्मी निवड तिथेच होते.

सीपीयू १०० टक्क्यांना भिडलाय? मग पर्फ, फार विचार नको. २००९ साली आलेल्या २.६.३१ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ते कर्नलच्या सोर्ससोबतच येतं. ते प्रोसेसला रोखून धरत नाही. सेकंदाला समजा ९९ वेळा डोकावतं आणि त्या क्षणी कोणतं फंक्शन चालू आहे त्याची नोंद करतं. अर्ध्या मिनिटाच्या नोंदीत दोषी फंक्शन बहुधा सापडतं. झोपलेल्या प्रोसेसवर मात्र हेच लावलंत, तर हाती कोरा कागद.

सीपीयू शून्याच्या आसपास असेल तर खरा पेच. एसट्रेस की जीडीबी?

एसट्रेस प्रोसेस आणि कर्नल यांच्यातलं बोलणं ऐकतं. प्रोग्रॅमचे डीबग सिंबॉल (मशीन कोडला फंक्शनची नावं जोडणारी माहिती) नसले तरी त्याचं अडत नाही, ही त्याची मोठी सोय. ‘बाहेरच्या कोणाची वाट बघतेय?’ या प्रश्नाला त्याच्याइतकं झटपट उत्तर दुसरं कोणी देत नाही. वाय हा पर्याय दोनदा दिला की नुसत्या डिस्क्रिप्टरच्या (उघड्या फाइलीच्या किंवा जोडणीच्या) क्रमांकाऐवजी फाइलचा पाथ किंवा सॉकेटचा (नेटवर्क जोडणीचा) पत्ता दिसतो, आणि डेटाबेस गप्प आहे की कॅश, ते लगेच कळतं. एफ हा पर्याय मात्र विसरू नका. तो नसेल तर एकाच थ्रेडचं (प्रोसेसमधल्या अनेक समांतर धाग्यांपैकी एकाचं) ऐकू येतं आणि मुख्य थ्रेड नुसता झोपलेला पाहून आपण भलताच निष्कर्ष काढतो.

याची किंमत म्हणजे प्रत्येक सिस्टम कॉलला (कर्नलकडे केलेल्या मागणीला) दोन थांबे, आत शिरताना एक आणि बाहेर पडताना एक. अडकलेल्या प्रोसेसला त्याने फरक पडत नाही. गजबजलेल्या डेटाबेसला लावलंत तर तो रांगायला लागेल.

पण डेडलॉक असेल, म्हणजे थ्रेड एकमेकांनी धरलेल्या लॉकची वाट बघत अडकले असतील, तर एसट्रेस फ्युटेक्सची (लॉकसाठी थांबण्याच्या सिस्टम कॉलची) एक अर्धवट ओळ दाखवून थांबतं. लॉकची वाट बघणं चालू आहे एवढंच कळतं. लॉक कोणी धरलाय, ते नाही. इथे प्रोसेस थांबवून तिच्या आत डोकावणारं जीडीबी लागतं. सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची साखळी) घ्या आणि ग्लिबसी या सी लायब्ररीचा म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारा लॉक) असेल तर तो छापून बघा. त्यातल्या ओनर या फील्डमध्ये लॉक धरून बसलेल्या थ्रेडचा क्रमांक असतो. तो क्रमांक बॅकट्रेसच्या यादीत शोधलात की चोर सापडला. सिंबॉल काढून टाकलेली बायनरी असेल तर मात्र बऱ्याच ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

जीडीबीचा धोका वेगळा आहे. जोडताक्षणी सगळे थ्रेड थांबतात आणि तुम्ही सोडेपर्यंत थांबलेलेच राहतात. मी एकदा प्रॉम्प्ट उघडा ठेवून विचार करत बसलो. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसची लाइव्हनेस तपासणी (प्रोसेस उत्तर देतेय का ते बघणारी) आपलं काम करत होतीच. मुळातल्या सेटिंगप्रमाणे ती दर १० सेकंदांनी होते, उत्तराला १ सेकंद मिळतो आणि सलग ३ नापास झाल्या की कंटेनर रीस्टार्ट होतो. माझा विचार संपेपर्यंत पुरावाच गायब. तेव्हापासून प्रॉडक्शनवर मी जीडीबी फक्त बॅच मोडमध्ये चालवतो: जोड, बॅकट्रेस घे, सोड. बायनरीचा पाथ आधीच दिला तर तिचे सिंबॉल जोडण्यापूर्वीच वाचले जातात आणि थांबा आणखी कमी होतो.

निवांत बसून उकल करायची असेल तर जीकोअरने कोअर फाइल (प्रोसेसच्या मेमरीची प्रत) काढा आणि ती दुसऱ्या मशीनवर उघडा. फाइल लिहून होईपर्यंत प्रोसेस थांबलेली असते, त्यामुळे २० जीबी मेमरीवाल्या प्रोसेसवर हा प्रयोग गर्दीच्या वेळी नको. शिवाय त्या फाइलमध्ये पासवर्डसकट सगळं उतरतं.

जीडीबी आणि एसट्रेस दोन्ही पीट्रेसवर (एका प्रोसेसला दुसरीवर नजर ठेवू देणाऱ्या सिस्टम कॉलवर) चालतात आणि एका थ्रेडला एका वेळी एकच ट्रेसर चालतो. परवानगी नाकारली गेली तर प्रॉक या फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलीत ट्रेसरपीआयडी (जोडलेल्या ट्रेसरचा क्रमांक) बघा. सहकाऱ्याने आधीच काही जोडलेलं असू शकतं. ते शून्य असेल तर संशय यामा या सुरक्षा मॉड्यूलवर. उबुंटूत १०.१० पासून त्याच्या पीट्रेसविषयीच्या सेटिंगची किंमत १ आहे, म्हणजे सामान्य वापरकर्त्याला फक्त आपल्या पोटातून जन्मलेल्या प्रोसेसना जोडता येतं. सुडो (रूट म्हणजे प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) वापरलं की काम होतं. किंमत ३ असेल तर रीबूटशिवाय गत्यंतर नाही. पर्फचा या भांडणाशी संबंध नाही. त्याचा पॅरानॉइड नावाचा स्वतःचा अडसर आहे.

जावा किंवा पायथन असेल तर थेट त्या त्या भाषेचं हत्यार, म्हणजे जेस्टॅक किंवा पाय-स्पाय, घ्या. साध्या जीडीबीत पायथनच्या फंक्शनऐवजी इंटरप्रिटरच्या सी कोडचाच पसारा दिसतो.

आणि टॉपमध्ये अवस्था डी दिसून तशीच राहिली, तर जीडीबी आणि एसट्रेस दोन्ही ठेवून द्या. ती प्रोसेस कर्नलच्या आत झोपली आहे. जीडीबी जोडायला गेलात तर तेही तिच्याबरोबर ताटकळेल. रूट होऊन प्रॉकमधली स्टॅक फाइल वाचा आणि तिथून डिस्ककडे किंवा एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या) सर्व्हरकडे वळा.