गाण्याला नाव सुचत नसेल तर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे जुने शब्दकोश उघडा!

गाणं लिहून झालं, चाल बसली, रेकॉर्डिंगपण झालं आणि अपलोड करताना नावाच्या रकान्यापाशी येऊन सगळं अडलं, हे गाणी लिहिणाऱ्यांना नवीन नाही. आपल्याकडे पूर्वी मुखड्याची पहिली ओळ तेच गाण्याचं नाव असायचं. आता मोबाईलच्या स्क्रीनवर लांब ओळ अर्ध्यातच कापली जाते, म्हणून छोटं नाव वेगळं शोधावं लागतं.

नावं सुचवणारी ॲप्स मी वापरून बघितली. विषय टाकला की 'चांदण्यांची वाट', 'स्वप्नांचं शहर' असलं काहीतरी येतं, कुठल्याही गाण्याला लावा, काही फरक पडत नाही. पाचपैकी एक स्टार, तोही फुकट आहे म्हणून.

त्यापेक्षा शिकागो विद्यापीठाने मराठीचे जुने कोश ऑनलाइन ठेवलेत ते बघा. मी दोन वापरतो, एक मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७ ची दुसरी आवृत्ती) आणि दुसरा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, जो १९३२ पासून खंडाखंडाने आला, त्यात अर्थ मराठीतच आहेत आणि मधेमधे ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा यातल्या ओळी उदाहरण म्हणून दिल्यात, त्या वाचताना ठाणे-वाशी लोकलमध्ये माझं स्टेशन कधी येतं कळत नाही.

खरी गंमत फुल टेक्स्ट सर्चमध्ये आहे, म्हणजे नुसत्या शब्दांत नाही तर खाली दिलेल्या अर्थांतही शोधता येतं. मोल्सवर्थमध्ये इंग्रजीत 'रेन' टाका, ज्यांच्या अर्थामध्ये पाऊस आलाय ते शब्द समोर येतात, झड, वळीव, उघडीप वगैरे. पण नुसत्या शब्दावर थांबू नका हो, त्याच्याखालचे वाक्प्रचार वाचा, नावं तिथेच सापडतात. आमचं एक गाणं ऐरोलीला नाईट शिफ्ट करणाऱ्या पोराचं आहे, त्याला ॲपने 'रात्रीचा प्रवासी' सुचवलं होतं. मी कोशात 'डोळा' उघडला, खाली वाक्प्रचारांची ही भलीमोठी रांग, त्यात 'डोळा लागणें' दिसलं आणि लगेच आजीचं 'रात्रभर डोळ्याला डोळा नाही' आठवलं. 'डोळ्याला डोळा', झालं नाव! आमची गायिका म्हणाली, "दादा, शेवटी आ आहे, मस्त ओढता येईल," आणि आता ध्रुवपदही त्याच्यावरच येऊन थांबतं. नाव मोठ्याने गाऊन बघायचंच, कागदावर छान दिसणारी बरीच नावं तोंडात बसत नाहीत.

कोशात सापडला म्हणून अगदीच विस्मरणात गेलेला शब्द मात्र उचलू नका, ऐकणाऱ्याला तो सर्चमध्ये टाईप करता आला पाहिजे. आणि आधी कोणी तेच नाव वापरलंय का याचं फार टेन्शन घेऊ नका, नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये म्हटलंय (ती केस सिनेमाच्या नावाची होती). तरी यूट्यूबवर एकदा बघून घ्या, त्याच नावाचं गाजलेलं गाणं असेल तर आपलं कोणाला सापडणारच नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. लॉगिन नाही, पैसे नाहीत. फक्त लेखन जुनं आहे, 'करणे' नाही तर 'करणें', तेव्हा क्रियापद शोधताना शेवटचा अनुस्वार टाकायला विसरू नका.