ब्रुकलंड्स की शातोरू?

रोल्स-रॉइसच्या 1920च्या दशकातील चाचण्यांवर लिहू पाहणाऱ्या एका मित्राला इंग्लंडमधील ब्रुकलंड्सची मोटार-शर्यतीची धावपट्टी निवडावी की फ्रान्समधील शातोरूकडचे रस्ते, हे ठरवता येत नव्हते. ब्रिटिश रस्त्यांवर 1930पर्यंत ताशी 20 मैलांची मर्यादा असल्याने निव्वळ वेगासाठी 1907 साली खुली झालेली ब्रुकलंड्स सोयीची होती. शिवाय समुद्र ओलांडण्याचा खर्च नव्हता. स्टीअरिंगचे मात्र वेगळे. पुढच्या चाकांना ब्रेक आणि कमी दाबाचे टायर आल्यानंतर त्या काळच्या अनेक मोटारींत चाके थरथरण्याचा जो दोष बळावला, तो ब्रुकलंड्सच्या उंच कडांच्या त्याच त्या वळणांपेक्षा शातोरूकडच्या खाचखळग्यांच्या लांब, सरळ रस्त्यावर अधिक प्रामाणिकपणे पारखता येतो, कारण गिऱ्हाईक मोटार तिथेच चालवणार असते. विक्रमी वेगावर लिहायचे असेल तर ब्रुकलंड्स घ्यावी. तक्रारींचे मूळ शोधायचे असेल तर शातोरू.