डोंबिवली ते नागपूर: समृद्धी की विमान? काही महिन्यांच्या ये-जा नंतरचा अनुभव

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि आमचं नागपूरला जायचं गणितच बदललं. घर डोंबिवलीत, आई-बाबा नागपुरात मनीषनगरला. तेव्हापासून गाडीनेही ये-जा केली, विमानानेही.

विमान दीड तासाचं, हे खरंच. पण डोंबिवलीहून मुंबई विमानतळ गाठायला दोन तास धरावे लागतात, वर निदान दीड तास आधी पोहोचायचं. सोनेगावचा विमानतळ शहरातच असल्याने उतरल्यावर मनीषनगर लगेच येतं, तो मोठा दिलासा. तरी दारातून दारात सहा तास जातातच.

गाडीने दहा. पहाटे पाचला निघून गांधारी पुलावरून पडघ्याच्या बाजूला जायचं आणि आमण्याला महामार्गावर चढायचं. कसारा घाटात ट्रकांच्या मागे रखडणं संपलं. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा पाच-सात मिनिटांत पार होतो. मुंबई-नागपूर सरळ हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर, रेल्वेने ८३७, आणि समृद्धी आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१. रस्ता किती सरळ आखलाय ते यावरून कळेल.

हा सरळपणाच मला सगळ्यात जास्त धोक्याचा वाटतो. जालना सोडलं की ना गाव, ना सिग्नल, ना म्हणावं असं वळण. १२० च्या वेगाने तासभर स्टिअरिंग जेमतेम हलतं. डोळे उघडे असतात, पण मन दुसरीकडे गेलेलं असतं. जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. तिथून जाताना आजही गाडीत कोणी बोलत नाही. आम्ही दोघं नवरा-बायको दर दोन तासांनी सीट बदलतो, झोप आलेली असो वा नसो. एकट्याने सलग नागपूर गाठायचा हट्ट कोणी करू नये, अगदी कळकळीने सांगते.

टायरचंही तसंच. मे महिन्यात मेहकरच्या पुढे थांबून टायरला हात लावला तर चटका बसला. काँक्रीटचा रस्ता, विदर्भातलं ऊन आणि हा वेग, यात झिजलेला टायर टिकत नाही. निघायच्या आदल्या दिवशी, टायर गार असताना हवा तपासून घ्यायची.

खाण्यापिण्याचे थांबे अजून कमीच. एका ठिकाणी महिलांच्या स्वच्छतागृहात पाणीच नव्हतं, सासूबाईंचे फार हाल झाले. त्यामुळे डबा, पाण्याचा कॅन आणि पेट्रोलची भरलेली टाकी घेऊनच निघतो.

खर्चाचं म्हणाल तर कारचा पूर्ण टोल १,४४५ रुपये, पेट्रोल पाच हजारांच्या आसपास. चौघांच्या विमान तिकिटांपेक्षा हे बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि संत्र्यांची पेटी आणायला वजनाची भानगड नाही. एकटीलाच जायचं असेल, त्यातून बाबांची तब्येत वगैरे कारण असेल, तर मी विमानच घेते. कारंजा किंवा वर्ध्याला जाणाऱ्यांनी मात्र विमानाचा विचारही करू नये. कारंजा नागपूरच्या बरंच अलीकडे लागतं आणि वर्ध्यासाठीही नागपूरला जाऊन मागे यावं लागत नाही.