मिथाइलेटेड डीएनए वाचणारी प्रथिनं: एमबीडी, एसआरए की कैसो?

डीएनएवरच्या मिथाइल खुणा (सायटोसिन या बेसला जोडलेले छोटे रासायनिक गट) वाचणाऱ्या प्रथिनांवर प्रोजेक्ट करायचा ठरला की पहिला प्रश्न येतो: कुटुंब कोणतं घ्यायचं? एमबीडी, एसआरए, कैसो ही नावं एका दमात घेतली जातात, पण ही तीन कुटुंबं तीन वेगळ्या गोष्टी वाचतात. म्हणून आधी आपला प्रश्न पक्का करा, प्रथिन नंतर.

एमबीडी सगळ्यात परिचयाचं. त्याचं डोमेन (प्रथिनाचा स्वतंत्र घडीचा भाग) जेमतेम 70 अमिनो आम्लांचं, आणि त्याला दोन्ही धाग्यांवर मिथाइल असलेलं सीजी (सायटोसिनपाठोपाठ ग्वानिन) लागतं. एमईसीपी2 या एमबीडी कुटुंबातल्या प्रथिनात आर्जिनिन 111 आणि आर्जिनिन 133 हे दोघं दोन धाग्यांवरच्या ग्वानिनांना हायड्रोजन बंधांनी धरतात. 2008 च्या स्फटिक रचनेत आणखी एक सुंदर गोष्ट दिसली: मिथाइल गटांची ओळख पटवण्यात तिथल्या पाण्याच्या रेणूंचाही मोठा वाटा आहे. ही पकड किती नाजूक आहे ते रुग्णांमध्ये दिसतं. एमईसीपी2 जनुकातल्या बदलांमुळे रेट सिंड्रोम हा मेंदूच्या विकासाचा आजार होतो हे 1999 मध्ये कळलं, आणि 133 व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन येणं हा त्यातलाच एक बदल.

पण कुटुंबाच्या नावावर जाऊ नका. सस्तन प्राण्यांतल्या एमबीडी3 मध्ये एका टायरोसिनच्या जागी फेनिलअ‍ॅलानिन आहे आणि मिथाइलेटेड सीजीवरची पकड जवळपास गेली आहे. एमबीडी4 तर दुरुस्तीच्या कामातलं, ग्वानिनसमोर चुकून आलेलं थायमिन कापून काढणारं.

एसआरए डोमेनचं (ते यूएचआरएफ1 या प्रथिनात असतं) काम वेगळ्याच क्षणाचं. डीएनएची प्रत निघाल्यावर जुन्या धाग्यावर मिथाइल असतो, नव्यावर नसतो. हा अर्धवट मिथाइलेटेड डीएनए यूएचआरएफ1 ओळखतं, आणि तेही मिथाइलसायटोसिन हेलिक्समधून चक्क बाहेर वळवून आपल्या खाचेत घेऊन. रिकाम्या जागेत प्रथिनाचाच भाग शिरतो. मग डीएनएमटी1 हे मिथाइल जोडणारं एन्झाइम येऊन नव्या धाग्यावर खूण पुरी करतं. पेशी विभागताना खुणा टिकतात कशा, हा प्रश्न असेल तर दुसरीकडे बघूच नका.

कैसो हे झिंक फिंगरवालं, म्हणजे जस्ताच्या आधाराने घडी पडलेल्या भागांनी डीएनए धरणारं. लागोपाठचे दोन मिथाइलेटेड सीजी त्याला आवडतात, पण टीसीसीटीजीसीएनए हा क्रम (एन म्हणजे कोणताही बेस) मिथाइलशिवायही ते धरतं. त्यामुळे त्याचे निकाल वाचताना नेहमी एक शंका उरते: पकड मिथाइलची की क्रमाची? नवख्याने सुरुवात याच्यापासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जीनोममधून मिथाइलेटेड तुकडे गाळून घ्यायचे असतील तर मी डोळे झाकून एमबीडी2 चं डोमेन सांगेन, पकड घट्ट म्हणून. मिथाइलसायटोसिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीने तुकडे ओढायचे तर डीएनए आधी एकधागी करावा लागतो, एमबीडीला मात्र तो दुहेरीच हवा. शिवाय मिठाचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवलं की आधी विरळ आणि मग दाट मिथाइलेशनचे तुकडे सुटतात. ही सोय वापरायची तर प्रत्येक टप्प्याचा द्रव वेगळ्या नळीत घ्या, आणि सोबत पूर्ण मिथाइलेटेड व अजिबात मिथाइल नसलेला असे दोन्ही कंट्रोल डीएनए चालवा.