सॉलिडवर्क्स पीडीएम स्टँडर्ड : गोकुळ शिरगावच्या छोट्या युनिटला पुरतं का?

सॉलिडवर्क्स हे आमचं कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाईन करायचं सॉफ्टवेअर, आणि पीडीएम म्हणजे त्याच्या फायली आणि त्यातले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर. आधीच सांगून टाकतो, पुरतं. पण डेमोत जे बघून आपण हरखतो त्यासाठी नाही, आणि ज्या कामासाठी आपण हे घ्यायला जातो त्यातलं निम्मं काम सॉफ्टवेअर करतच नाही, ते शेवटी आपल्यालाच करायला लागतं. पाचपैकी साडेतीन स्टार.

आमचं काम कसलं ते सांगतो म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. आम्ही कोल्हापूरचे. पॅटर्न (ओतकामाचा साचा पाडायचा नमुना) उद्यमनगरात बनतो, कास्टिंग (ओतीव पार्ट) शिरोलीच्या फौंड्रीतनं येतं, मशिनिंग आणि फिक्श्चर (मशिनवर पार्ट धरायची चौकट) आमच्याकडं, डिझाईनला चार सीट (कॅडची लायसन्स). कस्टमर पुण्याकडचे, ते ड्रॉइंग पाठवतात, मग रिव्हिजन (सुधारलेलं ड्रॉइंग) पाठवतात, मग परत फोन करून विचारतात की गेलेला लॉट कुठल्या रिव्हिजनचा होता. शेअर्ड फोल्डरवर हे सगळं चाललेलं असतं तोवर चाललेलं असतं, पण कुणीतरी एक्सप्लोररमध्ये जाऊन पार्टचं नाव बदललं की असेंब्लीची (पार्ट एकत्र जोडलेल्या फाईलची) लिंक तुटते आणि उघडताना ती फाईल कुठाय म्हणून विचारत बसते. आणि ज्यांच्याकडं आयएटीएफ 16949 (वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) आहे त्यांना माहिताय, कस्टमरचा चेंज कळल्यापासून 10 वर्किंग डेजमध्ये त्याचा रिव्ह्यू पूर्ण व्हावा आणि प्रॉडक्शनमध्ये तो कुठल्या तारखेपासून लागू केला त्याची नोंद असावी असं स्टँडर्डमध्येच आहे, तिथं ऑडिटरला फोल्डरची नावं दाखवून भागत नाही.

आता हेच का घेतलं. माझं मत सरळ आहे, ज्या कॅडचे पैसे तुम्ही आधीच भरताय त्याच्याबरोबर काय येतं ते पहिल्यांदा बघा, फीचरची यादी नंतर. इन्व्हेंटर या दुसऱ्या कॅडवाल्यांना व्हॉल्ट बेसिक हे पीडीएम मिळतं, चेक-इन चेक-आऊट (फाईल जमा करणं आणि कामासाठी आपल्या नावावर काढणं) आणि व्हर्जन त्यात होतात पण रिव्हिजन आणि लाईफसायकल (फाईल कुठल्या टप्प्यावर आहे ते) पाहिजे तर व्हॉल्ट प्रोफेशनललाच जावं लागतं, आणि आपल्याला तर नेमकं रिव्हिजनच पाहिजे असतं. सॉलिड एज या कॅडमध्ये डेटा मॅनेजमेंट आतच आहे, वेगळा सर्व्हर न लावता विंडोजच्या इंडेक्सिंगवर चालतं, दोन-तीन सीट असतील तर वाईट नाही. ऑनशेप या कॅडमध्ये तर फाईल हा प्रकारच नाही, सगळं ब्राऊझरमध्ये, चेक-आऊटची भानगड नाही, पण त्याच्या फुकटच्या प्लॅनमध्ये डॉक्युमेंट पब्लिक असतात, म्हणजे कस्टमरबरोबर एनडीए (गुप्ततेचा करार) केलेलं ड्रॉइंग तिथं ठेवायचा विषयच संपला. फुकट म्हटलं की आणखी एक आठवण करून देतो, ग्रॅबकॅड वर्कबेंच (कॅडच्या फायली ऑनलाईन ठेवायची सेवा) बऱ्याच लहान कंपन्या वापरायच्या, चांगलं होतं, 2023 ला बंद झालं. तेव्हा काहीही घ्या, पण उद्या बाहेर पडायचं झालं तर फायली, त्यांच्या जुन्या व्हर्जन आणि डेटा कार्डवरची (फाईलबरोबरच्या फॉर्मवरची) माहिती कशी काढून घ्यायची हे घ्यायच्या आधीच विचारा.

सॉलिडवर्क्सवाल्यांनी नावाच्या घोळात पडू नका. सॉलिडवर्क्स स्टँडर्ड घेतलं तर पीडीएम स्टँडर्ड येत नाही, सॉलिडवर्क्स प्रोफेशनल किंवा प्रीमियम घेतलं की येतं, आणि पीडीएम प्रोफेशनल म्हणून जे आहे ते आणि वेगळंच, वेगळ्या पैशाचं. आमच्याकडं सॉलिडवर्क्स प्रोफेशनलच्या सीट होत्याच, त्यामुळं कॅडवाल्यांच्या लायसन्सचा खर्च नाही झाला, सर्व्हर, यूपीएस आणि इन्स्टॉलेशनचा झाला.

डेमो म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम, सगळं गोडच दाखवतात. आम्हाला एका डीलरनं (नाव नको) घाबरवलं की पीडीएम स्टँडर्डमध्ये एसक्यूएल एक्सप्रेस हा मायक्रोसॉफ्टचा फुकटचा डेटाबेस आहे, त्याला 10 जीबीची मर्यादा आहे, वर्षात भरेल, आत्ताच पीडीएम प्रोफेशनल घ्या. एक्सप्रेसच्या 2022 पर्यंतच्या आवृत्त्यांना 10 जीबीची मर्यादा आहे हे खरं, पण ती डेटाबेसला आहे, ड्रॉइंग आणि मॉडेल डेटाबेसमध्ये जातच नाहीत, ती सर्व्हरवरच्या आर्काइव्ह फोल्डरमध्ये असतात, डेटाबेसमध्ये फक्त कार्डवरची माहिती आणि हिस्ट्री. चार सीटच्या कंपनीला ते भरायला बराच काळ लागेल. भरते ती हार्ड डिस्क, कारण प्रत्येक चेक-इनला पूर्ण फाईलची नवीन कॉपी पडते, म्हणून पैसे डिस्कवर घाला. पीडीएम प्रोफेशनल लागतं ते दोन प्लँटमध्ये रेप्लिकेशन (दोन्हीकडं फायलींची कॉपी) पाहिजे, एकापेक्षा जास्त वर्कफ्लो (मंजुरीचे क्रम) पाहिजेत, ईआरपीला (कंपनीच्या हिशेब-स्टॉकच्या सॉफ्टवेअरला) जोडायला एपीआय (सॉफ्टवेअर जोडायची सोय) पाहिजे अशांना.

स्टँडर्डमध्ये एकच वर्कफ्लो आणि त्यात 10 स्टेट (टप्पे). आम्हाला पाचच लागल्या, काम चालू, चेकिंग, रिलीज, बदल चालू आणि रद्द. सुचवलेला वर्कफ्लो केवढा तरी मोठा होता, अप्रूव्हलवर अप्रूव्हल, अहो चेक करणारा आणि अप्रूव्ह करणारा आमच्यात एकच माणूस आहे, तोच दुपारी डिस्पॅचला पण उभा असतो! जेवढ्या स्टेट जास्त तेवढी माणसं पळवाट शोधतात आणि डेस्कटॉपवर कॉपी करून काम करायला लागतात.

रोजच्या वापरात खरं सुख दोन गोष्टींचं. एक, नाव बदललं तरी लिंक तुटत नाही. दुसरं 'व्हेअर यूज्ड', एखादा बुश बदलायचा तर तो कुठकुठल्या फिक्श्चरमध्ये आहे ते एका क्लिकवर दिसतं, आधी हे एका माणसाच्या डोक्यात होतं आणि तो रजेवर गेला की काम थांबायचं.

आता कास्टिंगवाल्यांसाठी महत्त्वाचं, हे कुठल्याच डेमोत सांगत नाहीत. आपल्यात बऱ्याच ठिकाणी एकाच पार्ट फाईलमध्ये कास्टिंगचं एक कॉन्फिगरेशन (त्याच फाईलमधलं वेगळं रूप) आणि मशिनिंगचं दुसरं असं करायची पद्धत आहे, कॅडमध्ये ते छान दिसतं. पण पीडीएममध्ये रिव्हिजन आणि स्टेट फाईलला लागते, कॉन्फिगरेशनला नाही. म्हणजे मशिनिंगमध्ये एका टॅपिंगची (आट्याच्या भोकाची) खोली बदलली तरी कास्टिंगचं मॉडेल पण नव्या रिव्हिजनला जातं, आणि फौंड्रीवाला विचारतो साहेब पॅटर्नला काय करायचं, तर काहीच नाही. म्हणून कास्टिंगची फाईल वेगळी करा आणि मशिनिंगच्या फाईलमध्ये ती 'इन्सर्ट पार्ट' कमांडनं घ्या. कास्टिंग बदललं तर मशिनिंग आपोआप हलतं, उलटं होत नाही, आणि प्रत्यक्षातही तसंच असतं की. जुन्या पार्टना हे करायला वेळ जातो, पण व्हॉल्टमध्ये (पीडीएमच्या साठ्यात) टाकायच्या आधी केलेलं बरं.

आणि पॅटर्न. पॅटर्न ही फाईल नाही, ती फौंड्रीच्या रॅकवर पडलेली वस्तू आहे. ड्रॉइंग रिव्हिजन 'सी'ला गेलं म्हणून पॅटर्न 'सी'ला जात नाही, तो पॅटर्नमेकरकडं जाऊन येईपर्यंत रिव्हिजन 'बी'चाच असतो, आणि मधल्या काळात 'बी'च्या पॅटर्नवर मोल्डिंग होऊ शकतं. यातलं सॉफ्टवेअरला काही कळत नाही. आम्ही डेटा कार्डवर चार रकाने वाढवून घेतले, कस्टमरची रिव्हिजन, आमची रिव्हिजन, पॅटर्न नंबर आणि पॅटर्न प्रत्यक्षात कुठल्या रिव्हिजनला दुरुस्त झालाय. चौथा रकाना हातानंच भरायचा, पॅटर्न डोळ्यांनी बघून आल्यावर, आणि पॅटर्नवर पण तीच रिव्हिजन रंगवायची. माझ्या मते अख्ख्या सिस्टीममधला सगळ्यात कामाचा रकाना हाच. सर्च पण त्याच्यावर मारता येतो, दोन्ही रिव्हिजन जुळत नाहीत असे पार्ट सोमवारी सकाळी एकदा बघून घेतो.

व्हीएमसी मशिनवरच्या पोरापर्यंत मात्र पीडीएम पोचत नाही. क्वालिटीला एक व्ह्यूअर लायसन्स घेतलं, तेवढं वेगळं घ्यावं लागतं, फ्लोटिंग असल्यानं दोन टेबलांवर पुरतं. मशिनवर अजून प्रिंटच जाते, लाल शिक्का मारून, आणि नवीन द्यायची तर जुनी परत घेतल्याशिवाय नाही, हे पूर्वीही होतं आणि आताही तसंच आहे. फक्त आता प्रिंट रिलीज स्टेटमधूनच निघते एवढा फरक. बाहेर व्हॉट्सॲपवर गेलेल्या पीडीएफला तर कुणीच परत बोलवू शकत नाही, म्हणून आम्ही पीडीएफच्या नावातच रिव्हिजन घालतो.

बॅकअपबद्दल दोन शब्द, कारण इथंच घात होतो. आर्काइव्ह फोल्डर आणि एसक्यूएल डेटाबेस दोन्हीचा बॅकअप लागतो, एकाच वेळचा, नुसतं फोल्डर कॉपी करून ठेवलं तर रिव्हिजन आणि हिस्ट्री गेलीच समजा. आणि एक कॉपी कंपनीच्या बाहेर पाहिजे. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा शहरातनं तिकडच्या युनिटला जायचं कसं हाच प्रश्न होता, सर्व्हर सुरक्षित असून उपयोग काय. ज्यांचं युनिट पंचगंगेच्या अंगाला आहे त्यांनी क्लाऊडचा विचार माझ्यापेक्षा जास्त गंभीरपणे करावा, पैसे दर वर्षी जातील ते जातील.

त्रासाचं म्हणाल तर व्हर्जन. सर्व्हर आणि सगळे क्लायंट एकाच मेजर व्हर्जनवर पाहिजेत, त्यामुळं एकाला नवीन व्हर्जन टाकायची हौस आली तरी सगळ्यांबरोबरच थांबायचं. कंपनीच्या शटडाऊनच्या दिवसांतच अपग्रेड करा.

जुना डेटा आत घेऊन द्यायचं कोटेशन आलं ते बघून आम्ही तो नाद सोडला. चालू पार्ट तेवढे साफ करून व्हॉल्टमध्ये घेतले, बाकी जुनं फोल्डर रीड-ओन्ली करून ठेवलंय, रिपीट ऑर्डर आली की तेवढा पार्ट उचलायचा, कास्टिंग-मशिनिंग वेगळं करायचं आणि आत घ्यायचा.